पाळकीणबाईंचे दोन रविवार

शनिवारी दुपारी पाळकसाहेबांचा घसा बसला. त्याला जबाबदार दुसरं कोणी नव्हतं. चर्चचा लाऊडस्पीकर दुरुस्तीला गेला होता, रविवारच्या उपासनेसाठी 'मत्सर' या विषयावरचा चौदा पानी संदेश लिहून तयार होता, आणि आपला आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो की नाही याची साहेबांना काळजी लागली होती. म्हणून त्यांनी रिकाम्या चर्चमध्ये तो संदेश खणखणीत आवाजात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला. मन भरलं नाही म्हणून पुन्हा म्हटला. मग हात उंचावून तिसऱ्यांदा सुरुवात केली, तेव्हा 'मत्सराची आग विझवा' या वाक्यात 'आग'पर्यंत आवाज आला आणि 'विझवा'ला नुसती हवा आली.

घशाच्या डॉक्टरांनी तोंडात आरसा घालून पाहिलं आणि मान हलवली. "आठ-दहा दिवस चकार शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुज तर ओरडण्यापेक्षा वाईट."

पाळकांनी हातवारे करून सांगितलं की उद्या रविवार आहे, मंडळी जमणार आहे, संदेश द्यायचा आहे.

"उद्या दुसरं कोणी बोलेल," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुसरं कोणी! इतक्या वर्षांत हा विचार पाळकांच्या मनाला शिवला नव्हता. घरी येईपर्यंत चर्चच्या पंचांचे प्रमुख येऊन बसले होते. त्यांचं औषधांचं दुकान होतं, त्यामुळे सगळे त्यांना औषधवाले म्हणत. गुळण्यांचं औषध त्यांनी बरोबरच आणलं होतं. आसपासच्या सगळ्या पाळकांना फोन करून झाले होते, पण रविवारी रिकामा पाळक मिळणार कुठून?

"मीच बोललो असतो," औषधवाले म्हणाले, "पण उभं राहिलो की माझे पाय लटपटतात. साहेब, पाळकीणबाई वाचतील की! तुम्ही लिहिलेलं आहेच. नुसतं वाचायचं."

"मी?" पाळकीणबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. "अगं बाई! मला नाही हो जमायचं." असं म्हणता म्हणता त्यांनी कागद हातात घेतलेसुद्धा.

रविवारी पाळक पहिल्या बाकावर बसले, गळ्याला मफलर, मांडीवर मुलांची पाटी आणि खडू. बाईंनी पहिलं पान नीट वाचलं. दुसऱ्या पानाला अडल्या. साहेबांना समासात मजकूर वाढवत जायची सवय होती. एक बाण वर जायचा, एक मागच्या पानावर, एक कुठेच नाही. बाईंनी कागद आडवा धरला, उभा धरला, आणि शेवटी खाली ठेवला.

"यांचं अक्षर मला लग्नाआधीच्या पत्रांतही लागायचं नाही," त्या म्हणाल्या. "मी आपली अंदाजानं हो म्हणाले." चर्चमध्ये हशा पिकला. "आणि मत्सराबद्दल मला वाचून दाखवायला कशाला हवं? तो मला तोंडपाठ आहे."

मग त्यांनी आपल्या जाऊबाईंच्या पडद्यांची हकिगत सांगितली. जाऊबाईंनी नवे पडदे घेतले. बाईंनी तोंडभरून कौतुक केलं, आणि घरी आल्यावर त्यांना स्वतःचे पडदे बघवेनात. ते उजळावेत म्हणून गरम पाण्यात धुतले, पुन्हा धुतले, पुन्हा धुतले. पडदे उजळले नाहीत, आखडले. अर्ध्या खिडकीपर्यंत वर गेले. "महिनाभर आमच्या घरात काय शिजतंय, कोण कोणावर चिडलंय, सगळं गल्लीला दिसत होतं. शेवटी राहवेना म्हणून जाऊबाईंकडे गेले आणि जे होतं ते सांगून टाकलं. तर ती म्हणते कशी, 'अगं, मी पडदे बदलले ते तुझे बघूनच!' आम्ही दोघी रडलो, मग पोट धरून हसलो. प्रभूपुढेही मी तेच सांगते. लपवून काय मिळतं? पडदा आखडतोच. आमेन."

सगळं मिळून दहा मिनिटं. साहेबांचा संदेश दहा मिनिटांत प्रस्तावनाही ओलांडत नसे.

उपासनेनंतर दाराशी उभं राहून प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा, ही साहेबांची वर्षानुवर्षांची पद्धत. त्या दिवशी बाईही शेजारी उभ्या राहिल्या. लोक साहेबांचा हात आजाऱ्याचा धरावा तसा हळूच धरत, आणि बाईंचा दोन्ही हातांनी.

"बाई, इतकी वर्षं कुठे लपला होतात?"

"बाई, माझेच पडदे डोळ्यांपुढे आले हो!"

"आज घरी जाऊन गरम गरम जेवणार," ऑर्गन वाजवणारा म्हणाला. तो आनंद त्यानं लपवलासुद्धा नाही.

आणि जाताना प्रत्येक जण साहेबांच्या पाठीवर हात ठेवून एकच म्हणे, "साहेब, घसा जपा. घाई करू नका. अगदी सावकाश बरे व्हा." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा साहेबांना माया वाटली. दहाव्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना त्यात कट दिसायला लागला.

आता आडपडदा कशाला ठेवायचा? पाळक जळले. खिशात मत्सरावरची तेरा न वाचलेली पानं घेऊन माणूस बायकोवर जळत जळत घरी गेला. जेवताना त्यांनी पाटीवर लिहिलं, 'विषय माझा होता.'

"हो की," बाई म्हणाल्या. "छान विषय दिलात. सूप घ्या, निवतंय."

साहेबांनी पुसलं, पुन्हा लिहिलं, 'पहिलं पान आवडलं का लोकांना?'

बाईंनी जरा विचार केला. त्यांना खोटं बोलवेना. "लोकांनी ऐकून घेतलं," त्या म्हणाल्या.

पुढचे तीन दिवस घरातला फोन खाली राहिला नाही. "अहो, कसलं काय, सहज बोलले आपली," असं बाई प्रत्येकाला सांगत, आणि ते सांगताना त्यांचा आवाज नुकतंच बक्षीस मिळालेल्या मुलीसारखा येई. पाळक पलीकडे वर्तमानपत्राआड बसून तेच ते पान वाचत.

गुरुवारी सकाळी आंघोळ करताना त्यांचा पाय साबणावर पडला. "अरे देवा!" ते ओरडले, आणि नळाला धरून तसेच उभे राहिले. शब्द बाहेर आला होता! स्वच्छ, गोल, जुना आवाज. त्यांनी घाबरत घाबरत एका गीताची ओळ म्हणून पाहिली. गळा साफ होता. त्यांना इतका आनंद झाला, की अंगावरचा साबण तसाच ठेवून ते टॉवेल गुंडाळून बाहेर आले. पण बाई बाजारात गेल्या होत्या. मग साहेबांना आठवलं, आज हेडबाईंनी भेटीला बोलावलंय. उत्तम! शाळेतून निवृत्त झालेल्या हेडबाईंना एक गोष्ट सांगितली की संध्याकाळपर्यंत ती अख्ख्या मंडळीला कळे. वेगळी दवंडी पिटायला नको.

पाळक गेले, खुर्चीवर बसले, आणि त्यांनी तोंड उघडलं.

"अं हं!" हेडबाईंनी बोट उगारलं. "एक शब्द नको. तुम्हाला बोलता येत नाही म्हणून तर बोलावलंय."

पाळकांचं तोंड उघडंच राहिलं.

"पाळकीणबाईंचं ऐकल्यापासून माझी झोप उडालीय," हेडबाई म्हणाल्या. "आपल्या गायनमंडळात ती वरच्या पट्टीत गाणारी आहे ना, तिच्यावर मी जळते. आज नाही, कित्येक वर्षं. ती एकटी गायला उभी राहिली की मी डोळे मिटते. लोकांना वाटतं, प्रार्थना करतेय. करतेच. म्हणते, देवा, हिला आत्ताच्या आत्ता ठसका लागू दे. आणि साहेब, गेल्या महिन्यात लागला! मला इतका आनंद झाला, की मी तिला पाण्याचा ग्लास नेऊन दिला."

यावर पाळकांना सांगण्यासारखं पुष्कळ होतं. त्यांनी श्वास घेतला.

"नका, नका! तुम्हाला बोलता येत असतं तर मी हे मरेपर्यंत सांगितलं नसतं. पहिल्या वाक्यालाच तुम्ही मला तीन दाखले दिले असते." हेडबाईंचे डोळे भरून आले. "मला दाखले पाठ आहेत हो. सांगायला माणूस नव्हतं."

आता कुठल्या तोंडानं बोलायचं? पाळक गप्प बसले. हेडबाई बोलल्या, रडल्या, नाक शिंकरून पुन्हा बोलल्या. साहेब निघाले तेव्हा हेडबाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला. हो, दोन्ही हातांनी! "इतकं मनापासून माझं कोणी ऐकलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही खरे पाळक आहात."

हे वाक्य साहेबांनी किती वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांनी परत आलेला आवाज गिळला आणि मफलर घट्ट करून घरी आले.

हेडबाईंनी आपलं गुपित कोणाला सांगितलं नाही, पण साहेबांचं कौतुक मात्र दारोदार केलं. शुक्रवारी सकाळपासून माणसं यायला लागली. काही बाईंना भेटायला, काही साहेबांना. दारात चपलांचा एकच ढीग पडला, आणि त्यातल्या बाईंच्या किती, आपल्या किती, हे साहेबांना कळेना. जिवाला चैन पडेना. शेवटी त्यांनी माळ्यावरचा जुना चपलांचा स्टँड काढला, पुसला आणि आपल्या खोलीच्या दाराशी नेऊन ठेवला.

"हे काय मध्येच?" बाईंनी विचारलं.

'सोय,' साहेबांनी पाटीवर लिहिलं.

दुपारपर्यंत साहेबांचा स्टँड भरला आणि स्वयंपाकघरापाशी चारच जोड उरले. पाळकांनी ते दोनदा जाऊन पाहिलं. इतकं बरं त्यांना औषधानं वाटलं नव्हतं.

आत बसून त्यांनी काय काय ऐकलं! वरच्या पट्टीतली गायिका आली. तिचा राग ऑर्गनवाल्यावर, कारण ती गाते आणि लोक त्याच्या बोटांकडे बघतात. ऑर्गनवाला आला. त्याच्या मनात हेडबाईंची उशी. अख्ख्या चर्चमध्ये त्यांनाच तेवढी बसायला उशी, आणि हा लाकडी स्टुलावर. खुद्द औषधवाले दार लावून बसले आणि घाम पुसत म्हणाले, "समोरच्यानं दुकानावर नवी लाल दिव्यांची पाटी लावलीय, साहेब. लुकलुकते. ती बंद पडावी म्हणून मी रोज देवाजवळ मागतो. परवा बंद पडली. दुसऱ्या दिवशी त्यानं हिरवी लावली, दुप्पट मोठी!" आणि प्रत्येक जण उठताना म्हणे, "तुम्हाला सांगितलं म्हणजे भिंतीला सांगितलं. बाहेर जायची भीती नाही."

भिंत मान डोलवत होती, आणि मनात स्वयंपाकघरातल्या चपला मोजत होती.

शनिवारी पाळकांचं मन टोचायला लागलं. मी खोटं कुठे बोललो, ते स्वतःची समजूत घालत. मी तर काहीच बोललो नाही! हा युक्तिवाद दिवसभर बरा चालला. संध्याकाळी प्रार्थनेला गुडघे टेकल्यावर मात्र तो टिकेना. पुढच्या आठवड्यात सांगून टाकू, असं ठरवून ते उठले.

दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये बसायला जागा नव्हती. मागे लोक उभे होते. पाळकांच्या संदेशाला कधी कोणी उभं राहिलं नव्हतं. उलट बसलेलेही आडवे होत. साहेब ओठ आवळून पहिल्या बाकावर बसले.

"आज मी विचार करत होते," बाईंनी सुरुवात केली, "की आपण पडतो तेव्हा हाक कोणाला मारतो?"

साहेबांनी कान टवकारले. ही वाट त्यांच्या ओळखीची होती. त्यांची एक खास गोष्ट होती. नवे नवे पाळक असताना, पहिल्याच दफनविधीच्या आधी खड्डा नीट खणलाय का हे बघायला ते काठावर गेले, माती ढासळली आणि ते थेट आत गेले. 'त्या खोल अंधारातून मी प्रभूचा धावा केला, आणि प्रभूनं मला वर काढलं!' हे वाक्य ते दरवर्षी एकदा म्हणत, आणि म्हणताना त्यांचा आवाज भरून येई. मंडळीतल्या पोरासोरांनाही ते पाठ होतं.

"ती खड्ड्याची गोष्ट तुम्ही यांच्याकडून ऐकली आहे," बाई म्हणाल्या. "पण वर मी उभी होते. आमच्या लग्नाला दोनच महिने झाले होते. मी वाकून बघते तर खालून आवाज आला, 'अगं ए! माझा चष्मा कुठे पडला बघ!'"

चर्च हसून लोळायचं बाकी राहिलं. मागचे उभे राहिलेले भिंतींना टेकले. ऑर्गनवाल्याचं कोपर पट्ट्यांवर पडून ऑर्गनही भोंगा वाजावा तसा बोंबलला.

पाळकांच्या डोक्यात तिडीक गेली. पहिला रविवार गेला, फोन गेले, आणि आता ही गोष्टही? ते ताडकन उठले आणि शेवटच्या बाकाच्याही पलीकडे जाईल अशा आवाजात गरजले, "साफ खोटं! मी प्रभूचाच धावा केला होता!"

पाळकांनी तोंडावर हात ठेवला, पण शब्द केव्हाच गेले होते.

"चमत्कार!" औषधवाले ओरडले. "साहेब बोलले! बाईंच्या संदेशानं साहेबांची वाचा परत आली!"

मग काय विचारता! कोणी गुडघे टेकले, कोणी टाळ्या पिटल्या. गायनमंडळ उभं राहून गायला लागलं. एका आजोबांनी पुढे येऊन बाईंना आपली कंबर कुठे दुखते ते दाखवलं. बाई "अहो, नाही हो, थांबा ना" म्हणत मागे सरकत होत्या. आणि एवढ्या जल्लोषात ठरावीक माणसांचे चेहरे मात्र एकेक करून पांढरे पडत गेले. वरच्या पट्टीतली गायिका वरच्याच पट्टीत अडकली. ऑर्गनवाल्याची बोटं जागच्या जागी थिजली. 'चमत्कार' म्हणून उचललेला औषधवाल्यांचा हात हवेतच राहिला, कारण भिंतीला आता वाचा फुटली आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

पाळकांपुढे पेच पडला. गप्प राहावं, तर देवाच्या घरात खोटा चमत्कार उभा राहतो, आणि तोही बायकोच्या नावावर. बोलावं, तर लोकांचा विश्वास जातो, अब्रू जाते, आणि पंचांनी मनावर घेतलं तर हे चर्चही जातं. एक क्षण त्यांना खरंच वाटलं, की घसा पुन्हा बसला तर किती बरं होईल.

घसा बसला नाही. पाळक पुढे गेले, आणि बाई बाजूला झाल्या.

"चमत्कार वगैरे काही नाही," पाळक म्हणाले. "माझा आवाज गुरुवारीच आला. मी लपवला, कारण तुम्हाला हिचं बोलणं आवडलं आणि मी जळलो. ज्यांनी मला विश्वासानं सांगितलं त्यांची मी फसवणूक केली, पण त्यांनी सांगितलेलं माझ्याजवळच राहील. आणि चष्म्याचं खरं आहे."

एवढं बोलून ते खाली मान घालून उभे राहिले. मग काठी टेकत हेडबाई उठल्या.

"म्हणजे गुरुवारी माझ्यासमोर बसला होतात, तेव्हा तुम्हाला बोलता येत होतं?"

"हो."

"सगळा वेळ?"

"हो."

"आणि तरी मध्ये एक शब्द बोलला नाहीत?"

"नाही."

हेडबाईंनी मंडळीकडे वळून पाहिलं. "मग चमत्कार दुसरा कुठला असतो?" त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्यानंतर जे हसू फुटलं, त्यात पाळकही हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. दाराशी लोकांनी त्यांचा हात नेहमीसारखा धरला. औषधवाल्यांनी तो जरा जास्त दाबला आणि "भिंत ना?" असं हळूच विचारून घेतलं.

घरी आल्यावर बाई पाठमोऱ्या उभ्या राहून भांडी घासू लागल्या.

"रागावलीस?" पाळकांनी विचारलं.

"नाही."

"मग तोंड का असं? आवाज आलाय हे मी तुलाही सांगितलं नाही, म्हणून ना?"

"सांगायला कशाला हवं होतं? मला बुधवारीच कळलं होतं."

"बुधवारी? अगं, आवाज गुरुवारी आला!"

"बुधवारी रात्री झोपेत तुम्ही अख्खा संदेश दिलात. हातवारे करून. माझ्या नाकावर एक हात बसला."

पाळक खुर्चीवर टेकले. "आणि तू गप्प राहिलीस? माझ्यासमोर पाटी सरकवत राहिलीस? का गं?"

बाईंनी नळ बंद केला. हात पुसायला बराच वेळ घेतला, आणि वळल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

"मला अजून एक रविवार हवा होता," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं पहिल्या बाकावर बसून तुमचं ऐकलं. दर रविवारी मनात म्हणायची, इथे थांबा, आता हे सोडा, हे असं सांगा, लोक रडतील. घरी येऊन म्हणायची, छान झालं. तुम्ही आठ दिवस जळलात, अहो. मी बावीस वर्षं जळतेय."

पाळक उठले, ओला फडका घेऊन एक ताटली पुसायला लागले आणि ती पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"पुढच्या रविवारी तूच बोल," ते शेवटी म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "मनापासून म्हणताय?"

"नाही," पाळक म्हणाले. "पण तूच बोल."